वाकडी तार, सरळ माणूस : हॅरी हुडिनी

दार लागलं आणि चावी आत राहिली, असा प्रसंग ज्या घरात कधी आला नाही असं घर आपल्या सोसायटीत क्वचितच सापडेल. अशा वेळी आधी हेअरपिन, मग सेफ्टी पिन, मग जुनं एटीएम कार्ड असे सगळे प्रयोग होतात. शेजारचे दोघे-तिघे जमतात, प्रत्येक जण सल्ला देतो आणि शेवटी नाक्यावरचा चावीवाला येतो. तो पिशवीतून एक वाकडी तार काढतो, जरा इकडेतिकडे हलवतो आणि दोन मिनिटांत दार उघडून पैसे मागतो. पैसे देताना आपल्या मनात दोन विचार येतात. पहिला म्हणजे, काय कला आहे या माणसाच्या हातात! आणि दुसरा जरा धास्तीचा. एवढ्याशा तारेने जर कुलूप उघडतं, तर रोज ते लावून आपण निश्चिंत होतो ते कशाच्या जोरावर?

हे दोन्ही विचार ज्या एका माणसाने जवळजवळ अख्ख्या जगाच्या मनात आणले, तो म्हणजे हॅरी हुडिनी. जादूगार रघुवीर किंवा पी. सी. सरकार यांचे प्रयोग ज्यांनी लहानपणी डोळे विस्फारून पाहिले, त्यांच्या कानावर हे नाव नक्की गेलेलं असेल. स्मरणिका समितीने लेखाला विषयाचं बंधन घातलेलं नाही. मी उभी हयात बँकेत किल्ल्या सांभाळण्यात घालवली. तेव्हा किल्लीशिवाय कुलपं उघडणाऱ्या माणसाचं चरित्र सांगावं असं मनात आलं. त्यामागे एक कारणही आहे, ते लेखाच्या ओघात येईलच.

हुडिनीचं मूळ नाव एरिक वाइस. त्याचा जन्म २४ मार्च १८७४ रोजी हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरात झाला. वडील मेयर सॅम्युएल वाइस हे ज्यू धर्मगुरू, म्हणजे रब्बाय. वडील आधी अमेरिकेला गेले आणि १८७८ मध्ये आई सेसिलिया मुलांना घेऊन बोटीने त्यांच्या मागे गेली. एरिक तेव्हा चार वर्षांचा होता. विस्कॉन्सिन राज्यातल्या अ‍ॅपलटन या गावात वडिलांना तिथल्या ज्यू मंडळींच्या प्रार्थनास्थळात नोकरी मिळाली. पण काही वर्षांतच ती सुटली आणि कुटुंब मिलवॉकी शहरात आलं. तिथे अगदी हलाखी. मुलं बरीच आणि मिळकत जवळजवळ नाही. एरिकने बूटपॉलिश केलं, वर्तमानपत्रं विकली, निरोप्याचं काम केलं. पुढे मंडळी न्यूयॉर्कला आली. अ‍ॅपलटनमध्ये चार दिवस बरे गेले म्हणून असेल, पण हुडिनी जन्मभर आपलं जन्मगाव अ‍ॅपलटन असंच सांगत राहिला. तेवढी एक थाप त्याने शेवटपर्यंत सोडली नाही.

कुलपांची गोडी त्याला कशी लागली, याची एक गोष्ट त्याच्या चरित्रांत हमखास असते. आई पाय नावाचा गोड पदार्थ करून कपाटात कुलूपबंद ठेवायची आणि हे चिरंजीव कुलूप उघडून तो फस्त करायचे. उघडायचं हत्यार कुठलं, तर बुटांची बटणं अडकवायचा आकडा. त्या काळी बुटांना बटणं असत आणि ती ओढून लावायला असा आकडा घरोघर असे. खरी की रचलेली हे सोडून द्या, पण गोष्ट गोड आहे. आपल्याकडे लोण्याचं शिंकं, तिकडे पायचं कपाट!

लहान वयातच तो एका कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी करायला लागला. इथली एक कथा त्याने स्वतःच पुढे पसरवली. पोलीस एका कैद्याला दुकानात घेऊन आले, कारण त्याच्या बेडीत किल्ली तुटली होती. मालकाने बेडी करवतीने कापायचं काम पोरावर सोपवलं. करवतीची पाती एकामागून एक मोडायला लागली, तेव्हा पोराने तारेचा तुकडा वाकवून आत घातला आणि बेडी उघडली. तोवर आपण बेडीचा आतला भाग नीट पाहून घेतला होता, असंही तो सांगे. त्याच्या मते पुढचं सगळं आयुष्य त्या एका तारेतून निघालं.

इथे थोडं थांबून कुलूप म्हणजे काय ते बघू. बाहेरून कितीही दणकट दिसलं तरी आत काय असतं? किल्लीखेरीज दुसऱ्या कशाला दाद देऊ नये म्हणून ठेवलेले काही अडसर. कुठे लिव्हर, कुठे पिना, त्यांना मागून दाबणाऱ्या स्प्रिंगा. प्रत्येक अडसर ठरावीक उंचीपर्यंत उचलला गेला की कुलूप फिरतं. किल्लीचे दाते हे काम सगळ्या अडसरांवर एका दमात करतात. किल्ली नसलेला कसबी माणूस तेच काम एकेक अडसर चाचपून करतो. म्हणजे त्याची तार ही किल्लीच असते म्हणा, फक्त ती बोटांनी विचार करत चालते. म्हणून घरातल्या कुठल्याही साध्या वस्तूचं हत्यार होऊ शकतं आणि म्हणूनच ते तुमच्या-माझ्या हातात चालत नाही. तार बाजारात मिळते हो, बोटं मिळत नाहीत.

न्यूयॉर्कमध्ये एरिक टाय शिवणाऱ्या एका कारखान्यात कापड कापायला लागला. त्या दिवसांत त्याच्या हाती फ्रेंच जादूगार रोबेर-हुदँ याचं आत्मचरित्र पडलं. घड्याळजीचा मुलगा असलेल्या या गृहस्थाने जादूला जत्रेतून उचलून नाट्यगृहात नेलं होतं. पुस्तक वाचून एरिक झपाटला. नावाला इ जोडला की त्याच्यासारखा असा अर्थ होतो, असं कुणा मित्राने सांगितलं आणि हुदँचा हुडिनी झाला. घरातलं एरी हे लाडकं नाव होतं, त्याचं हॅरी झालं. १८९२ मध्ये वडील वारले. जाण्याआधी त्यांनी आईला सांभाळायचं वचन मुलाकडून घेतलं होतं, असं सांगतात. ते त्याने कसं पाळलं ते पुढे येईलच.

१८९४ च्या उन्हाळ्यात त्याचं बेस राहनर हिच्याशी लग्न झालं. मुलगी नाजूक, चणीने लहान आणि कॅथलिक घरातली. रब्बायच्या मुलाने कॅथलिक मुलगी केली, म्हणजे त्या काळी दोन्हीकडे काय वादळ उठलं असेल याची आपल्याला सहज कल्पना येईल. पण सेसिलियाने सुनेला पोटाशी धरलं. नवराबायकोने मिळून पेटीचा खेळ बसवला. हात बांधलेला हुडिनी पोत्यात, पोतं कुलूपबंद पेटीत आणि पेटीला वरून दोर. बेस पडदा ओढते, तीन टाळ्या वाजतात, पडदा उघडतो तो हुडिनी बाहेर आणि पोत्यात बेस! हा खेळ दोघांनी कितीतरी वर्षं केला.

पण सुरुवातीची पाच वर्षं फार वाईट गेली. दहा सेंट तिकिटाची प्रदर्शनं, सर्कस, दारूचे गुत्ते, असं कुठेही आणि दिवसाला कितीही खेळ. १८९७-९८ च्या हिवाळ्यात दोघं कॅन्सस राज्यात औषधं विकणाऱ्या एका फिरत्या कंपनीत होते. गिऱ्हाईक जमेना म्हणून मालकाने सुचवलं की मृतात्म्यांशी बोलायचा कार्यक्रम करा. हुडिनीने तो केला. गावात शिरलं की आधी कब्रस्तानात जाऊन दगडांवरची नावं आणि तारखा वाचायच्या, गप्पिष्ट माणसांकडून घरोघरच्या बातम्या काढायच्या आणि रात्री मंचावर डोळे मिटून तेच सांगायचं. तुमचा अमुक मुलगा सुखात आहे, त्याने निरोप दिला आहे. हॉल तुडुंब भरायचा, बायाबापड्या रडायच्या.

धंदा चांगला होता. पण समोरची माणसं टाळ्या वाजवायच्या ऐवजी विश्वास ठेवतात, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तो प्रकार सोडला. लोखंडी कुलूप उघडलं तर लोक दाद देतात, कारण काहीतरी युक्ती आहे हे त्यांना ठाऊक असतं. दुःखात असलेल्या माणसाच्या मनाला मात्र कुलूपच नसतं, तिथे हात घालायला कसब लागत नाही. आपण लोकांच्या श्रद्धेशी खेळलो, याची बोच हुडिनीने पुढे लिहून ठेवली आहे. माझ्या मते त्याच्या आयुष्याची किल्ली इथे आहे, बेड्यांत नाही.

१८९९ मध्ये नशीब फिरलं. सेंट पॉल शहरातल्या एका बिअर हॉलमध्ये मार्टिन बेक नावाच्या नाट्यव्यवस्थापकाने त्याचा खेळ पाहिला. त्याला कबुतरं, रुमाल यांत रस वाटला नाही. फक्त बेड्या आणि पेटी ठेव, बाकीचं सोड, असा सल्ला त्याने दिला आणि आठवड्याला ६० डॉलरवर आपल्या नाट्यगृहांत काम दिलं. सगळ्याच गोष्टी थोड्या थोड्या करणाऱ्याला एकच गोष्ट पूर्ण करायला सांगणारा वडीलधारा वेळेवर भेटणं, यालाच नशीब म्हणायचं.

आता तो बेड्या उघडायचा कसा? लोकांना वाटे, हाडं निखळवून हात लहान करतो किंवा काही मंत्रतंत्र आहे. तो स्वतः मात्र नेहमी सांगे की मी जे करतो ते नैसर्गिक मार्गाने करतो. बेड्यांच्या युक्त्यांवर त्याने १९१० च्या सुमारास एक छोटं पुस्तकही काढलं. त्यात बऱ्याच गोष्टी उघड केल्या आहेत. एकाच बनावटीच्या बऱ्याच बेड्यांना एकच किल्ली चालते. काही जुन्या स्क्रूच्या बेड्या बुटाच्या नाडीच्या फासानेही उघडतात. काहींचा खटका नेमक्या जागी दणका बसला की सुटतो आणि त्यासाठी गुडघ्यावर पँटच्या आत शिशाची पट्टी बांधलेली असली की पुरे. आहे की नाही गंमत! नाडी, तार, शिशाचा तुकडा. तिजोरीवाल्याला ऐकून घाम फुटावा असं सामान.

पण नुसत्या सामानावर जाऊ नका. त्यामागे मेहनत केवढी होती! ज्या देशात जाई तिथली कुलपं आणि बेड्या तो विकत घेई, त्या खोलून आतली रचना बघे, जुनी पेटंटं वाचे. डाव्या हाताने, उजव्या हाताने, पाठीमागे, पाण्याखाली, असा रोज सराव. पायाच्या बोटांनी गाठी सोडवणंही त्याने साधलं होतं. श्वास जास्त वेळ रोखता यावा म्हणून घरात मोठा टब बसवून त्यात बुडून तो सराव करायचा. प्रेक्षकांना दिसे ते दोन मिनिटांचं, त्यामागे वर्षांची बैठक असे. आपल्याकडे रियाज म्हणतात तोच हा.

१९०० मध्ये जोडपं युरोपला गेलं. लंडनच्या स्कॉटलंड यार्डच्या बेड्यांतून सुटून दाखवल्यावर त्याला अल्हाम्ब्रा नाट्यगृहात काम मिळालं, असं सांगतात. काम थोड्या दिवसांचं होतं, ते महिनोन्‌महिने चाललं. पुढे त्याचा एक नेमच झाला. नव्या शहरात गेलं की आधी पोलीस ठाणं गाठायचं, कपडे उतरवून झडती द्यायची, मग त्यांच्याच बेड्या घालून घ्यायच्या आणि सुटून दाखवायचं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत बातमी आणि रात्री नाट्यगृह फुल्ल! जाहिरातीची ही युक्ती आजच्या मार्केटिंगवाल्यांनीही शिकावी.

जर्मनीत कोलोन शहरच्या वेर्नर ग्राफ नावाच्या एका पोलिसाने वर्तमानपत्रातून त्याच्यावर लबाडीचा आरोप केला. हुडिनी गप्प बसला नाही. त्याने सरळ अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९०२ मध्ये न्यायालयात बंद कुलूप उघडून दाखवलं आणि वरच्या कोर्टापर्यंत जाऊन दावा जिंकला. परक्या देशात, परक्या भाषेत, तिथल्या पोलिसाविरुद्ध! ग्राफला दंड झाला आणि जाहीर माफी छापावी लागली. गंमत अशी की नाव राखायला कोर्टात त्याला आपली एक युक्ती न्यायाधीशांपुढे उघड करावी लागली. पण फसवणूक करणारा हा शिक्का त्याला नको होता. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न गावी विल्यम होप हॉजसन या तालीममास्तरने त्याला इतकं करकचून बेड्यांत आवळलं की सुटायला दीड तासावर वेळ गेला आणि हात रक्ताळले.

सगळ्यात गाजला तो १७ मार्च १९०४ चा लंडनच्या हिपोड्रोममधला प्रयोग. डेली मिरर या वर्तमानपत्राने खास बेडी आणली होती. बर्मिंगहॅमच्या एका लोहाराने ती पाच वर्षं खपून बनवली असं सांगण्यात आलं. तिचं कुलूप ब्रामा पद्धतीचं होतं. या ब्रामाविषयी थोडं सांगायला हवं. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराचं कुलूप दुकानाच्या खिडकीत वर्षानुवर्षं आव्हान म्हणून ठेवलेलं असे. ते किल्लीशिवाय उघडणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस होतं. शेवटी १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपवाल्याने ते उघडलं, तेही १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून. इंग्लंडभर खळबळ उडाली. पण त्यातूनच चांगलं झालं. कुलपं बनवणाऱ्यांना आपल्या उणिवा कळल्या आणि कुलपं सुधारली. उणीव झाकून ठेवल्याने ती नाहीशी होत नाही, हे आम्ही बँकेतही ऑडिटच्या वेळी शिकलो.

तर अशा जातीची बेडी हुडिनीच्या हातात. चार हजारांवर प्रेक्षक. तो पडद्याच्या छोट्या कोनाड्यात गेला. वीस-पंचवीस मिनिटांनी उजेडात कुलूप बघायला बाहेर आला, पुन्हा आत गेला. नंतर त्याने अंगातला कोट काढण्यापुरती बेडी उघडून मागितली. मिररच्या प्रतिनिधीने नकार दिला. तेव्हा त्याने खिशातला चाकू काढला, दातांनी उघडला आणि अंगावरचाच कोट चिरून फेकला. एक तास दहा मिनिटांनी तो मोकळा बाहेर आला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि हा गडी हुंदके देऊन रडला. ते सगळं आधीच ठरलेलं होतं की नाही, यावर जादूगार मंडळी अजून वाद घालतात.

१९०६ मध्ये वॉशिंग्टनच्या तुरुंगात त्याला राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या मारेकऱ्याला ठेवलेल्या कोठडीत कोंडलं. तो अर्ध्या तासाच्या आत बाहेर आला आणि जाता जाता इतर कैद्यांच्या कोठड्यांचीही अदलाबदल करून गेला! पुढे नकला करणारे उदंड झाले, तेव्हा त्याने बेड्या मागे टाकल्या. १९०८ मध्ये पाण्याने भरलेल्या दुधाच्या कॅनमधून सुटका आणि १९१२ मध्ये पाण्याच्या काचपेटीत पाय वर टांगून, डोकं खाली, असा भयंकर प्रयोग त्याने आणला.

या सगळ्या कमाईत आईला दिलेलं वचन तो विसरला नव्हता. न्यूयॉर्कमध्ये त्याने मोठं घर घेतलं आणि आईला तिथे आणलं. एकदा पगार सोन्याच्या नाण्यांत मागून घेतला आणि घरी येऊन सगळी नाणी आईच्या ओटीत ओतली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ज्या घरात एके काळी भाड्याचे पैसे नसत, त्या घरच्या आईच्या पदरात सोनं! मला तरी त्याच्या सगळ्या प्रयोगांपेक्षा हा प्रयोग मोठा वाटतो. जुलै १९१३ मध्ये तो कोपनहेगनला असताना आई गेल्याची तार आली. भर मंडळीत वाचता वाचता तो कोसळला. पुढचे करार मोडून बोटीने घरी परतला. त्यानंतर तो पूर्वीचा हुडिनी राहिला नाही.

पहिलं महायुद्ध झालं. लाखो घरांतली तरुण मुलं गेली. त्या दुःखावर मृतात्म्यांशी बोलणाऱ्या मंडळींचा धंदा अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जोरात चालू लागला. अंधारी खोली, हलणारं टेबल, हवेत तरंगणारं कर्णं आणि गेलेल्या मुलाचा निरोप. शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल यांच्यासारखा विद्वान माणूसही त्यावर पूर्ण विश्वास ठेवून होता. हुडिनी आणि डॉइल यांची चांगली मैत्री होती. हुडिनीलाही आईचा एक शब्द ऐकायची आस होतीच, कोणाला नसते?

१९२२ मध्ये अटलांटिक सिटी इथे डॉइल यांच्या पत्नीने आईला बोलावण्याचा घाट घातला. हात भराभर चालला आणि पंधरा पानांचा मजकूर कागदावर उतरला. वर क्रूसाची खूण, खाली छान इंग्रजी. हुडिनी शांतपणे घरी गेला. रब्बायची बायको असलेली त्याची आई क्रूस कशाला काढेल? आणि तिला इंग्रजी लिहिता-बोलता येतच नव्हतं. लेडी डॉइल जाणूनबुजून फसवत होत्या असं त्याला वाटलं नाही, पण ही आपली आई नव्हे हे त्याने जाहीर केलं. मैत्री तुटली.

मग मात्र त्याने कंबर कसली. वेश बदलून, खोटी दाढी लावून तो अशा बैठकांना बसे आणि ऐन वेळी टॉर्च मारून हातचलाखी पकडे. सायंटिफिक अमेरिकन मासिकाने खरी शक्ती सिद्ध करणाऱ्याला बक्षीस लावलं होतं. त्याच्या समितीवर हुडिनी होता. १९२४ मध्ये बोस्टनची मार्जरी नावाने गाजलेली बाई बक्षिसाच्या जवळ पोचली होती, पण हुडिनी आडवा आला. १९२६ मध्ये पैसे घेऊन भविष्य सांगणाऱ्यांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून तो अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीला उभा राहिला. त्याला शिव्याशाप मिळाले, दावे झाले. तो स्वभावाने काही संत नव्हता. अहंकारी होता, भांडखोर होता, स्वतःचा ढोल स्वतः वाजवायचा. पण कॅन्ससमधल्या त्या हिवाळ्याचं कर्ज तो फेडत होता, असं मला वाटतं. चोरवाट ज्याला ठाऊक असते, तोच ती नीट बुजवू शकतो.

त्याच वर्षी एका इजिप्शियन म्हणवणाऱ्या फकिराने समाधी लावून हवाबंद पेटीत राहण्याचा चमत्कार दाखवला. बावन्न वर्षांचा हुडिनी न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलच्या तलावात हवाबंद पेटीत शिरून दीड तास पाण्याखाली राहिला. बाहेर आल्यावर त्याने सांगितलं ते एवढंच की समाधी वगैरे काही नाही, घाबरायचं नाही आणि श्वास हळू घ्यायचा. त्याने केलेला अनुभवही त्याने नंतर लिहून कळवला, कारण खाणीत अडकलेल्या कामगारांना तो उपयोगी पडेल असं त्याला वाटत होतं.

ऑक्टोबर १९२६ मध्ये माँट्रियल इथे नाट्यगृहातल्या खोलीत तो पडून होता. एका विद्यार्थ्याने, पोटावरचे ठोसे तुम्ही सहन करता हे खरं का, असं विचारून तो सावरायच्या आत ठोसे मारले. पोटात दुखायला लागलं तरी त्याने दुर्लक्ष केलं. डेट्रॉइटला अंगात सणसणीत ताप असताना खेळ केला, तो शेवटचा. अपेंडिक्स फुटून पोटभर विष पसरलं होतं. ३१ ऑक्टोबर १९२६ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी तो गेला. आईची पत्रं त्याच्या डोक्याखाली उशीसारखी ठेवून त्याला न्यूयॉर्कला आईजवळ पुरलं.

जाण्याआधी त्याने बायकोशी एक खूण ठरवून ठेवली होती. मेल्यावर खरंच बोलता येत असेल, तर मी हे ठरलेले शब्द पाठवीन, दुसरं काही आलं तर विश्वास ठेवू नकोस. म्हणजे मरतानाही त्याने एक कुलूप लावलं आणि त्याची किल्ली एकट्या बेसला दिली. बेसने दहा वर्षं वाट पाहिली. १९३६ च्या ३१ ऑक्टोबरला हॉलिवूडमध्ये एका हॉटेलच्या गच्चीवर शेवटची बैठक झाली. काहीही आलं नाही. त्यानंतर तिने तो नाद सोडला.

आता सुरुवातीला म्हटलं ते कारण. आमच्या बँकेत स्ट्राँग रूमला दोन किल्ल्या असत आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे. एकट्याने उघडायची सोयच नाही. कुलूप भक्कम होतंच, पण खरा भरवसा त्या दोन माणसांवर आणि त्यांच्या सवयीवर होता. आपल्या सोसायटीत महागातलं लॅच बसवून चावी चपलांच्या स्टँडमधल्या बुटात ठेवणारी मंडळी आहेत, नावं घेत नाही! तिथे हुडिनीची गरजच नाही.

आणि आजचा चोर तर तारही आणत नाही. तो फोन करतो. गोड बोलतो किंवा पोलीस आहे म्हणून दरडावतो, मुलगा अडचणीत आहे असं सांगून घाबरवतो, डिजिटल अरेस्टची भीती घालतो आणि आपण स्वतःच्या तोंडाने ओटीपी सांगून मोकळे होतो. आपल्याबद्दलची माहिती त्याने आधीच गोळा केलेली असते, जशी हुडिनीने कब्रस्तानातल्या दगडांवरून केली होती. भीती, दुःख आणि माया, या तीन ठिकाणी आपलं कुलूप सैल असतं. हुडिनीने ते स्वतःच्या चुकीतून ओळखलं आणि दुसऱ्यांना सावध करण्यात उरलेलं आयुष्य घालवलं. म्हणून विशेषतः माझ्या वयाच्या मंडळींना सांगणं आहे. असा फोन आला की आधी तो ठेवा आणि शेजारची बेल वाजवा. बेसकडे होती तशी घरच्यांनी आपसांत एखादी खूण ठरवून ठेवा. मुलाच्या नावाने कोणी पैसे मागितले तर ती खूण विचारा. आणि घराची जादा चावी बुटात नको, शेजाऱ्यांकडे द्या. पंचवीस वर्षं एका जिन्यावर राहून एवढा विश्वास आपण नक्कीच जमवला आहे.